महिला आरोग्याची नर्स प्रॅक्टिशनर: अमेरिकेतलं पदव्युत्तर शिक्षण आतून कसं असतं

अमेरिकेत स्त्रीरोगाच्या दवाखान्यात तपासायला येणारी व्यक्ती दर वेळी डॉक्टरच असते असं नाही. पाळीचा इतिहास विचारणारी, स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून आत बघायचं उपकरण) लावून तपासणारी, पॅप (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी) घेणारी, तांबी बसवणारी आणि शेवटी स्वतःच्या नावाने औषध लिहून देणारी ती बऱ्याचदा नर्स प्रॅक्टिशनर असते. वॉर्डातली नर्स ऑर्डर पाळते आणि चुकीची ऑर्डर आली तर ती अडवते. इथे ऑर्डर लिहायचीच तिने असते. निदान चुकलं तर उत्तरही तिनेच द्यायचं असतं. दोन-तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हा बदल घडवायचा असतो आणि त्यातला अवघड भाग पुस्तकात नसून दवाखान्यातल्या तासांत असतो. म्हणून कॉलेज निवडताना नाव आणि फी बघण्याआधी ते तास कुठे, कोणाबरोबर आणि कोणत्या रुग्णांवर जाणार आहेत ते बघावं.

नर्स प्रॅक्टिशनरचं पहिलं प्रशिक्षण १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झालं. लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी ते उभं केलं आणि ते मुलांच्या आरोग्यासाठी होतं. महिला आरोग्याची शाखा १९७०च्या दशकात कुटुंब नियोजनाच्या दवाखान्यांमधून वाढली. तेव्हा काही महिन्यांचे प्रमाणपत्र कोर्स असत. आज या क्षेत्रात शिरायला नर्सिंगची मास्टर्स किंवा डॉक्टरेट लागते.

आधी चौकट

२००८ साली अमेरिकेतल्या नर्सिंग संस्थांनी एक सामाईक आराखडा मान्य केला. त्यात प्रगत नर्सिंगच्या चार भूमिका आहेत: नर्स प्रॅक्टिशनर, नर्स मिडवाइफ, भूल देणारी नर्स आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट. भूमिकेच्या जोडीला एक लोकसमूह निवडायचा असतो. असे समूह सहा: कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालरोग, नवजात, मानसिक आरोग्य आणि महिला आरोग्य. शिक्षण, प्रमाणपत्र परीक्षा आणि लायसन्स या तिन्ही गोष्टी एकाच भूमिकेच्या आणि एकाच समूहाच्या असाव्या लागतात.

हे कागदी वाटेल, पण नोकरीच्या वेळी नेमकं इथेच अडतं. महिला आरोग्याची नर्स प्रॅक्टिशनर किशोरवयीन मुलीपासून रजोनिवृत्तीनंतरच्या बाईपर्यंत सर्वांना तपासते. लैंगिक संसर्ग आणि प्रजनन आरोग्याच्या संदर्भात पुरुषांवरही उपचार करते. मात्र छातीत दुखतंय म्हणून आलेला पुरुष किंवा तापाने फणफणलेलं मूल तिच्या कक्षेबाहेर. पुढे ते काम करावंसं वाटलं तर कुटुंब शाखेचं वेगळं प्रमाणपत्र करायचं, त्याचे वेगळे क्लिनिकल तास भरायचे आणि वेगळी परीक्षा द्यायची. छोट्या गावात राहायचं ठरलं असेल तर कुटुंब शाखा जास्त दारं उघडते, हे अर्ज करण्याआधीच लक्षात घ्यावं. महिला आरोग्य शाखेचा मोबदला खोलीत मिळतो. कुटुंब शाखेच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला स्त्रीरोग आणि प्रसूतिपूर्व तपासणीचा एखादा तुकडा येतो, इथे मात्र जवळजवळ सगळे तास त्यातच जातात.

दुसरा घोळ मिडवाइफबद्दल होतो. गरोदरपणातल्या तपासण्या आणि बाळंतपणानंतरची देखभाल दोघीही करतात. बाळंतपण मात्र नर्स मिडवाइफ करते. तिची मान्यता वेगळी, परीक्षा वेगळी. बाळ स्वतःच्या हाताने जन्माला आणायची ओढ असेल तर त्या वाटेने जावं, किंवा येल विद्यापीठासारख्या ठिकाणी दोन्ही एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम घ्यावा. दोन सत्रं झाल्यावर हे उमगलं तर वर्ष आणि पैसा दोन्ही जातात.

प्रवेश आणि पदवी

सुरुवात नोंदणीकृत नर्सच्या लायसन्सने होते, म्हणजे त्यासाठीची एनक्लेक्स-आरएन परीक्षा उत्तीर्ण असणं आलंच. त्यावर बहुतेक विद्यापीठं नर्सिंगची पदवी मागतात. अमेरिकेबाहेर शिकलेल्या नर्सला गुणपत्रिकांचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि बहुधा इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते. जिच्याकडे पदवीऐवजी डिप्लोमा आहे तिला थेट मास्टर्सला प्रवेश मिळणं कठीण. तिच्यासाठी आधी पदवीचा पूल ओलांडणारे कोर्स असतात. प्रसूती कक्षात किंवा स्त्रीरोग वॉर्डात एक-दोन वर्षं काम केलेलं असलं तर प्रवेशातही फायदा होतो आणि पुढे अभ्यासातही. जिने रक्तस्राव डोळ्यांनी पाहिलाय तिला तो पुस्तकात वाचताना वेगळा कळतो.

मास्टर्स पूर्णवेळ साधारण दोन वर्षांत होतं, नोकरी सांभाळून केलं तर तीन किंवा जास्त. नर्सिंग प्रॅक्टिसची डॉक्टरेट आणखी लांब. तिच्यासाठी नर्सिंगच्या पदवीनंतरचे १,००० क्लिनिकल तास धरायची प्रथा २००६ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांपासून आहे. रुग्ण तपासण्याचं कौशल्य दोन्हींत तेच असतं. डॉक्टरेटमध्ये वर येतं ते संशोधनाचा वापर, दवाखान्याची व्यवस्था सुधारणं आणि एक मोठा प्रकल्प. फक्त रुग्ण बघायचे असतील तर मास्टर्स पुरेसं आहे. शिकवायचं असेल किंवा व्यवस्थापनात जायचं असेल तरच डॉक्टरेटचा खर्च सार्थकी लागतो, असं आमचं मत.

मान्यता तपासणं अत्यावश्यक. सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन-सीएनईए या नर्सिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम घ्यावा. मान्यता नसलेल्या ठिकाणची पदवी हातात असूनही प्रमाणपत्र परीक्षेला बसता येत नाही.

तीन पायाभूत विषय

प्रगत विकृतिशास्त्र, प्रगत औषधशास्त्र आणि प्रगत शारीरिक तपासणी हे तीन विषय स्वतंत्र असावे लागतात आणि गुणपत्रिकेवर तसेच दिसावे लागतात. औषधशास्त्र दुसऱ्या एखाद्या विषयात मिसळून शिकवलं असेल तर लायसन्स देणारं राज्य मंडळ अर्ज अडवून ठेवू शकतं. जुन्या विद्यापीठातून क्रेडिट हस्तांतरित करणाऱ्यांनी याची लेखी खातरजमा करून घ्यावी.

या तिघांत विद्यार्थिनी सर्वाधिक गडबडतात ते तपासणीत. वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेल्या नर्सला बदल टिपायची सवय असते: काल रक्तदाब इतका होता, आज इतका झाला. इथे कोरी पाटी घेऊन बसायचं असतं. बाई म्हणते ओटीपोटात दुखतंय. त्यातून शक्यतांची यादी करायची आणि त्यात जिवावर बेतणारी शक्यता आधी खोडायची. जननक्षम वयातल्या बाईच्या ओटीपोटात दुखत असेल तर गर्भधारणेची चाचणी आधी, कारण नळीतला गर्भ फुटला तर तासांचाही अवधी मिळत नाही. हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत प्रिसेप्टर, म्हणजे दवाखान्यात हाताखाली घेऊन शिकवणारी अनुभवी व्यक्ती, तोच प्रश्न रोज विचारते, आणि विचारायलाच हवा.

महिला आरोग्याचे विषय: इथे खरा कस

गर्भनिरोधनापासून सुरुवात करू. विद्यार्थिनीला गोळ्यांची नावं पाठ असतात. कोणाला काय द्यायचं नाही ते शिकणं हे खरं काम. त्यासाठी सीडीसी या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेची वैद्यकीय पात्रतेची मार्गदर्शिका वापरतात, तिची सध्याची आवृत्ती २०२४ची आहे. प्रत्येक आजार आणि प्रत्येक साधन यांच्या जोडीला १ ते ४ असा वर्ग दिलेला असतो. १ म्हणजे बिनदिक्कत, ४ म्हणजे देऊच नये. डोळ्यांपुढे चमक येऊन सुरू होणारी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेन असलेली संयुक्त गोळी वर्ग ४, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. चमक नसलेली अर्धशिशी मात्र वर्ग २. वय ३५ किंवा जास्त आणि दिवसाला १५ किंवा जास्त सिगारेटी असतील तर ४, त्याहून कमी ओढत असेल तरी ३. बाळंतपणानंतर पहिल्या २१ दिवसांत ४, कारण त्या काळात रक्ताच्या गुठळ्यांची जोखीम सर्वाधिक. चूक बहुधा कोष्टकात होत नाही, प्रश्नात होते. "डोकं दुखतं का?" एवढंच विचारलं तर बाई "हो, कधीकधी" म्हणते आणि विषय संपतो. दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काय होतं, किती मिनिटं टिकतं, हात-तोंड बधिर होतं का, हे विचारलं तरच वर्ग २ आणि वर्ग ४ यांतला फरक हाती लागतो.

मग हाताची कामं. तांबी बसवायची तर आधी बाई गरोदर नाही याची वाजवी खात्री हवी. गरोदरपणाची लक्षणं नसताना पाळी सुरू होऊन सात दिवसांच्या आत आली असेल, किंवा गेल्या पाळीपासून संबंधच आला नसेल, असे ठरलेले निकष त्यासाठी असतात. मग दोन बोटांची अंतर्गत तपासणी करून गर्भाशय पुढे झुकलंय की मागे ते ठरवायचं. ही पायरी घाईत उरकली की पुढचं सगळं बिघडतं: गर्भाशय मागे झुकलेलं असताना सळई पुढच्या दिशेने सरकवली तर भिंतीला छिद्र पडू शकतं. छिद्र पडण्याचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे, स्तनपान करणाऱ्या बाईत धोका जास्त. स्पेक्युलम लावून गर्भाशयाचं मुख स्वच्छ करायचं, ते टेनाक्युलम नावाच्या चिमट्याने धरून हलकं ओढायचं म्हणजे मुखाचा आणि गर्भाशयाचा कोन सरळ होतो, मग साउंडने, म्हणजे मोजमापाच्या सळईने, खोली मोजायची. नेहमीच्या तांबीसाठी ती ६ ते ९ सेंटीमीटर असावी. साउंड ६ सेंटीमीटरच्या आतच अडला तर तो अजून मुखाच्या मार्गातच असण्याची शक्यता असते. जोर लावायचा नाही, कोन पुन्हा बघायचा. शेवटी धागे सुमारे ३ सेंटीमीटर ठेवून कापायचे. फार आखूड कापले तर टोचतात किंवा आत ओढले जाऊन पुढे काढताना सापडत नाहीत.

वेदनेबद्दल वेगळं बोललं पाहिजे. वर्षानुवर्षं "थोडं चिमटल्यासारखं होईल" एवढं सांगून तांबी बसवली गेली आणि कितीतरी बायकांनी कळा सोसल्या. सीडीसीच्या २०२४च्या शिफारशींत लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा उपयोग होऊ शकतो असं नोंदलं आहे, मुखाभोवती इंजेक्शन देऊन किंवा वरून लावून. वेदनेच्या उपायांवर आधीच चर्चा करावी असंही सांगितलं आहे. गर्भाशयाचं मुख मऊ करणारं मिसोप्रोस्टॉल सरसकट देण्याची शिफारस नाही. प्रशिक्षणाच्या दवाखान्यात हे पाळलं जातं का, हे विद्यार्थिनीने बघावं. जिथे वेदना झटकून टाकायची सवय आहे तिथे तीच सवय हातात उतरते.

दंडातला गर्भनिरोधक इम्प्लांट दिसायला सोपा, ४ सेंटीमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड कांडी. उत्पादकाचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तो बसवता येत नाही आणि त्याला कारण आहे. जागा कोपराच्या आतल्या हाडापासून ८ ते १० सेंटीमीटर वर, आणि दोन स्नायूंमधल्या खाचेपासून ३ ते ५ सेंटीमीटर मागे. ऐन खाचेत बसवायचा नाही, कारण खाली रक्तवाहिन्या आणि नस आहेत. सुई आत सरकवताना कातडी वर उचललेली दिसत राहिली पाहिजे. ती दिसेनाशी झाली म्हणजे सुई खोल चालली. बसवल्यावर विद्यार्थिनीने आणि त्या बाईनेही बोटांनी कांडी चाचपून बघायची. हाताला लागली नाही तर ती आहे असं गृहीत धरायचं नाही, दुसरं साधन वापरायला सांगून सोनोग्राफी किंवा एक्सरे करायचा.

अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार रोजची, आणि अंदाजाने औषध देण्याचा मोहही रोजचाच. म्हणून विद्यार्थिनीला सूक्ष्मदर्शक शिकवतात. जिवाणूजन्य योनिदाहासाठी चारपैकी तीन खुणा लागतात: पातळ एकसारखा स्राव, पीएच ४.५च्या वर, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर माशासारखा वास, आणि काचपट्टीवर कडा धूसर झालेल्या क्लू पेशी. ट्रायकोमोनास हलताना दिसतो, पण काचपट्टी १० मिनिटांच्या आत बघितली तर. तासभर पडून राहिली तर तो थंडावतो आणि अहवाल खोटाच स्वच्छ येतो. शिवाय ताज्या काचपट्टीवरही तो बऱ्याचदा निसटतो, म्हणून संशय असेल तर जनुकीय चाचणी पाठवायची.

गरोदरपणाच्या विषयात सगळं तारखेवर उभं असतं. शेवटच्या पाळीवरून ८ आठवडे २ दिवस होतात आणि सोनोग्राफी ७ आठवडे २ दिवस दाखवते, तर कोणती तारीख धरायची? पाळीप्रमाणे ९ आठवडे भरायच्या आत ५ दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख धरतात. इथे फरक ७ दिवसांचा, म्हणून तारीख बदलायची आणि नोंदीत एकदाच, ठळकपणे बदलायची. दोन तारखा फिरत राहिल्या की पुढे साखरेची चाचणी (२४ ते २८ आठवडे), आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईचं अँटी-डी इंजेक्शन (२८व्या आठवड्याच्या सुमारास) आणि दिवस उलटून गेले का याचा निर्णय, सगळंच सरकतं. रक्तदाब १४०/९० चार तासांच्या अंतराने दोनदा आला तर तो गरोदरपणातला उच्च रक्तदाब. १६०/११० असेल तर मिनिटांत पुन्हा मोजायचा आणि रुग्णालयात पाठवायचं. बाळंतपणानंतरही हेच लागू आहे. बाळ छान आहे म्हणून आईच्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष होणं ही घातक चूक आहे.

रजोनिवृत्तीला बऱ्याच अभ्यासक्रमांत कमी वेळ मिळतो, हे खटकतं. पाळी थांबून वर्ष झाल्यावर थेंबभरही रक्त दिसलं तर गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता तपासायचीच. सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरच्या वर असेल, किंवा ते पातळ असूनही रक्त पुन्हा जात असेल, तर अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. तो तुकडा काढायला विद्यार्थिनीने शिकलंच पाहिजे. आणि गर्भाशय शाबूत असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन द्यायचं नाही, जोडीला प्रोजेस्टोजेन हवंच.

क्लिनिकल तास

राष्ट्रीय निकषांच्या २०२२च्या आवृत्तीत प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास ठरले, आधी ते ५०० होते. पुतळ्यांवरच्या सरावाचे तास यात धरत नाहीत आणि नर्स म्हणून केलेल्या नोकरीचेही नाहीत. आठवड्याला आठ तासांचे दोन दिवस धरले तर सुमारे ४७ आठवडे होतात, म्हणजे साधारण तीन सत्रं. रात्रपाळी सांभाळून हे करता येईल असं गृहीत धरणाऱ्या बऱ्याच जणींना दुसऱ्या सत्रात कामाचे तास कमी करावे लागतात. घरचं गणित आधीच मांडलेलं बरं.

प्रिसेप्टर मिळणं ही सर्वांत मोठी अडचण. काही विद्यापीठं जागा शोधून देतात, काही विद्यार्थिनीवर सोडतात. केंटकीतल्या फ्रंटियरसारखी विद्यापीठं दूरस्थ शिकवतात आणि तास विद्यार्थिनीच्या जवळच्या दवाखान्यात होतात. ही सोय मोठी, पण शहरातल्या चार कॉलेजांच्या विद्यार्थिनी त्याच दवाखान्याचं दार ठोठावत असतील तर ती सोय कागदावर राहते. विद्यापीठ आणि दवाखाना यांच्यातला करार व्हायला महिने लागतात. सत्राच्या सहा महिने आधी शोध सुरू केला तरच वेळेत जमतं. दूरस्थ कोर्स घेताना ते विद्यापीठ आपल्या राज्यातल्या विद्यार्थिनी घेतं का तेही बघावं, कारण सगळी घेत नाहीत.

तासांची संख्या भरते पण मिश्रण बिघडतं, हेही वारंवार घडतं. सगळे तास गरोदर तपासणीच्या दवाखान्यात गेले तर पदवी हातात येते, पण तांबी दोनच बसवलेल्या असतात आणि रजोनिवृत्तीची एकही बाई धड बघितलेली नसते. म्हणून नोंदवहीत नुसते तास न लिहिता वय, तक्रार, निदान, कोणती प्रक्रिया, आणि ती बघितली की मदत केली की स्वतः केली, हे त्याच दिवशी लिहावं. आठवड्याने लिहिलेली नोंद अर्धी स्मरणावर असते. सत्राच्या मध्यावर ती प्राध्यापकांपुढे ठेवली की उणीव भरून काढायला वेळ उरतो.

२४ जून २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. त्यानंतर राज्य हा प्रशिक्षणाचाही मुद्दा झाला. गर्भपातावर बंदी असलेल्या राज्यांत आपोआप गर्भपात झालेल्या बाईची देखभाल शिकतानाही अडथळे येतात, कारण औषधं आणि प्रक्रिया त्याच असतात. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गर्भपाताच्या औषधांचा वापर शिकायचा असेल तर तास दुसऱ्या राज्यात करता येतील का, हे विद्यापीठाला थेट विचारावं.

परीक्षा, लायसन्स, औषधं

पदवीनंतर एनसीसी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची परीक्षा. तीन तास, १७५ प्रश्न, त्यातले २५ चाचणीपुरते आणि गुणांत न धरलेले. पदवीनंतर आठ वर्षांच्या आत ती द्यावी लागते, पण वाट बघू नये. क्लिनिकल संपल्यावर काही महिन्यांतच औषधांचे बारकावे पुसट होऊ लागतात. पुढे दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण.

प्रमाणपत्रानंतर राज्याचं लायसन्स, आणि नियंत्रित औषधं लिहायची तर डीईए या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे नोंदणी. २०२३च्या जूनपासून या नोंदणीसाठी व्यसनाधीनतेच्या उपचारांवर आठ तासांचं प्रशिक्षण एकदा लागतं. ते अभ्यासक्रमातच झालं असेल तर त्याची लेखी नोंद विद्यापीठाकडून घ्यावी. अधिकार किती मिळतील ते राज्यावर. वॉशिंग्टन आणि ॲरिझोनात स्वतंत्रपणे काम करता येतं, टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो.

पैशाचं थोडक्यात. परदेशी विद्यार्थिनीला केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही, ग्रीन कार्ड असेल तर मिळतं. नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस ही पदव्युत्तर शिक्षणाची सरकारी कर्ज योजना १ जुलै २०२६पासून बंद करण्याचा कायदा २०२५ साली झाला, त्यामुळे खर्चाचा मेळ घालताना जुन्या माहितीवर विसंबू नये. रुग्णालयात नोकरी असेल तर फी परताव्याची चौकशी आधी करावी, आणि त्याबदल्यात किती वर्षं तिथेच राहावं लागेल तेही वाचावं.

पहिली नोकरी घेताना पगाराइतकंच वेळापत्रक बघायचं. पहिल्याच आठवड्यापासून अनुभवी सहकाऱ्यांएवढे रुग्ण दिले तर नवी पदवीधर एक तर प्रश्न विचारायचे टाळते किंवा रात्री घरी बसून नोंदी लिहीत राहते. सुरुवातीचे महिने कमी रुग्ण, दर आठवड्याला कोणाबरोबर तरी केसची चर्चा आणि प्रक्रिया करताना पहिल्या काही वेळा जोडीला अनुभवी हात, हे करारात लिहून घ्यावं. तांबी बसवताना छिद्र पडल्याचा संशय आला तर फोन कोणाला करायचा, ती व्यक्ती त्याच इमारतीत असते का, आणि शस्त्रक्रियेसाठी बाईला कुठे पाठवायचं, या तिन्हींची उत्तरं सही करण्याआधी मिळायला हवीत.